डायलिसिस रुग्णांच्या प्रश्नावलीचे मराठी रूप तपासणाऱ्यांना खुले पत्र

डायलिसिस रुग्णांच्या जीवन-गुणवत्तेच्या प्रश्नावल्या मराठीत आणून त्यांची वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाते का, हे) तपासणारे संशोधक, त्यांचे मार्गदर्शक आणि अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. वैद्यकीय प्रश्नावल्यांच्या कामातून माझ्यावर अशी एक जबाबदारी आली की, मशीनवर असलेल्या रुग्णांच्या शेजारी बसून मला भाषांतरित प्रश्न एकेक करून वाचून दाखवावे लागले आणि त्यांची उत्तरे लिहून घ्यावी लागली. टेबलावर बसून भाषांतर करताना जे शब्द मला निर्दोष वाटले होते, ते डायलिसिसच्या कक्षात माझ्याच तोंडून ऐकताना डळमळू लागले. रुग्ण उत्तर देत होते, रकाने भरत होते, पण कित्येकदा ते उत्तर आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते. आपण करत असलेल्या कामाबद्दल मला आदर आहे आणि ते अधिक व्हावे अशी माझी इच्छा आहे, म्हणूनच त्यातली एक उणीव मोकळेपणाने आपल्यासमोर ठेवत आहे. वैधता तपासताना आपण सगळ्यात कमी वेळ रुग्णाला प्रश्न काय समजला यावर देतो आणि सगळ्यात जास्त वेळ त्याने दिलेल्या आकड्यांवर देतो, ही ती उणीव होय.

मूत्रपिंडविकाराच्या क्षेत्रात सर्वाधिक परिचित असलेली केडीक्यूओएल (किडनी डिसीज क्वालिटी ऑफ लाइफ) ही प्रश्नावली १९९४ साली रॉन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १६५ रुग्णांच्या उत्तरांच्या आधारे मांडली. तिच्या संक्षिप्त रूपात ८० प्रश्न आहेत: ४३ मूत्रपिंडविकाराशी निगडित, ३६ सर्वसाधारण आरोग्याविषयीचे आणि एक प्रश्न एकूण प्रकृतीला शून्य ते दहा यांपैकी गुण देण्याचा. त्याहून लहान असलेल्या केडीक्यूओएल-३६ मध्ये १२ सर्वसाधारण प्रश्न, ४ आजाराच्या ओझ्याचे, १२ लक्षणांचे आणि ८ रोजच्या जगण्यावर होणाऱ्या परिणामांचे आहेत. आजाराशी निगडित प्रत्येक विभागाचे गुण ० ते १०० या पट्टीवर मांडले जातात आणि जास्त गुण म्हणजे बरी अवस्था असा त्यांचा अर्थ असतो. हे गुण केवळ प्रबंधाच्या तक्त्यांपुरते नसतात. अनेक देशांतील हीमोडायलिसिस (मशीनने रक्त शुद्ध करून घेणाऱ्या) रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या ‘डॉप्स’ या अभ्यासातून २००३ साली असे दिसले की, ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक होते. अमेरिकेत २००८ च्या नियमांनंतर डायलिसिस केंद्रांना रुग्णांच्या जीवन-गुणवत्तेचे प्रमाणित साधनाने मूल्यमापन करावे लागते. ज्या कागदावरून माणसाच्या उपचारांबद्दल काही ठरणार आहे, त्या कागदावरील प्रत्येक शब्दाची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे.

सुरुवात मथळ्यापासूनच करावी लागते. ‘क्वालिटी ऑफ लाइफ’साठी अनेक ठिकाणी ‘जीवनमान’ हा शब्द योजलेला दिसतो. मराठीत जीवनमान उंचावते ते मिळकत वाढल्याने, चांगले घर मिळाल्याने, म्हणजे हा शब्द राहणीमानाच्या जवळचा आहे. ‘तुमच्या जीवनमानाविषयी काही प्रश्न विचारायचे आहेत’ असे म्हणताच एका गृहस्थांनी मला घरातील कमावत्या माणसांची संख्या सांगायला सुरुवात केली. त्यांची चूक नव्हती, प्रस्तावनेची होती. त्यानंतर मी मथळा सोडून दिला आणि ‘या आजारात आणि डायलिसिसवर असताना तुमचे दिवस कसे जातात, याविषयी विचारायचे आहे’ असे साधे वाक्य वापरू लागले. त्यानंतर कुणी मिळकतीकडे वळले नाही.

आपली रूढ पद्धत मला माहीत आहे आणि ती योग्यही आहे. दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तींकडून उलट भाषांतर (म्हणजे पुन्हा मूळ भाषेत), तज्ज्ञांची समिती आणि शेवटी ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी ही चौकट बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. २००५ साली ‘इस्पोर’ या आंतरराष्ट्रीय आरोग्य-संशोधन संस्थेच्या कार्यगटाने आपल्या दहा पायऱ्यांमध्ये रुग्णांशी बोलून समजूत पडताळण्याची पायरी स्वतंत्रपणे नमूद केली. अडचण पद्धतीत नाही, तिच्यातल्या वजनाच्या वाटपात आहे. उलट भाषांतर मूळ मजकुराशी जुळले याचे वर्णन पानभर येते आणि पूर्वचाचणीबद्दल ‘रुग्णांना प्रश्न समजण्यास सोपे वाटले’ एवढे एकच वाक्य येते. प्रश्न सोपा वाटणे आणि प्रश्न बरोबर समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोपा वाटलेला प्रश्न चुकीचा समजला गेला असेल, तर तो अधिक धोकादायक, कारण तिथे कुणी अडखळत नाही आणि म्हणून कुणाला संशयही येत नाही.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण आजाराच्या ओझ्याविषयीच्या चार विधानांत आहे. त्यांतील एक विधान मूत्रपिंडाच्या आजाराला तोंड देताना येणाऱ्या ‘फ्रस्ट्रेशन’बद्दल आहे. कोशातला पहिला शब्द ‘निराशा’. आमच्या मसुद्यातही तो होता. उलट भाषांतर करणारी व्यक्ती इंग्रजीत पारंगत होती आणि तिने ‘निराश’चे पुन्हा ‘फ्रस्ट्रेटेड’ केले, त्यामुळे दोन्ही मजकूर जुळले आणि समिती पुढे गेली. पण मराठीत निराश झालेला माणूस आशा सोडून बसलेला असतो, तर फ्रस्ट्रेशनमध्ये माणूस अजून झगडत असतो आणि झगडूनही मार्ग निघत नाही म्हणून चिडलेला असतो. बोली मराठीत त्याला ‘वैताग’ म्हणतात. मी जेव्हा ‘निराश वाटते का’ असे विचारले, तेव्हा एका बाईंनी ठामपणे नाही म्हटले. मग मी त्यांना, उत्तर देताना मनात काय आले, असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘निराश कशाला होऊ, मला नातवंडांना मोठं झालेलं बघायचंय. पण वैताग येतो हो, एका दिवसाआड तेच, तेच.’ त्यांनी निवडलेला पर्याय त्यांची अवस्था जवळजवळ उलटी दाखवत होता.

आता या चुकीचे संख्याशास्त्रात काय होते, तेही पाहावे. ‘वैताग’च्या जागी ‘निराश’ बसल्यावर ते विधान खिन्नतेचे विधान होते. साहजिकच त्याची उत्तरे मानसिक आरोग्याच्या प्रश्नांच्या उत्तरांशी अधिक जुळू लागतात, दोन विभागांमधला सहसंबंध वाढतो, आणि आपण लिहितो की, अभिसारी वैधता (संबंधित मापांशी उत्तरे जुळणे) समाधानकारक आढळली. भाषांतरातल्या दोषामुळे वैधतेचा पुरावा अधिक भक्कम दिसू लागतो. आकड्यांना हा दोष पकडता येत नाही, कारण आकडे त्या दोषाच्या बाजूनेच साक्ष देत असतात. तो पकडायला रुग्णाशेजारी बसून ‘तुम्ही हे उत्तर कसे ठरवलेत?’ असे विचारणारा माणूस लागतो.

‘त्रास’ या शब्दाबद्दल मला विशेष चिंता वाटते, कारण केडीक्यूओएल-३६ मधील लक्षणांचे बाराच्या बारा आणि परिणामांचे आठही प्रश्न त्याच्यावर उभे आहेत. मूळ प्रश्न असा आहे की, खाज, पोटऱ्यांत येणारे गोळे, धाप, हातापायांचा बधिरपणा यांनी गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती जाच झाला. लक्षण किती वेळा येते किंवा किती तीव्र असते, हे तो प्रश्न विचारत नाही. ते लक्षण माणसाला किती छळते, हे विचारतो. मराठीत मात्र ‘मला खाजेचा त्रास आहे’ याचा अर्थ मला खाज येते एवढाच होतो. त्रास हा शब्द लक्षणाच्या नावाला चिकटलेला आहे. त्यामुळे ‘खाजेमुळे किती त्रास झाला?’ या प्रश्नाला काही जण खाज किती वेळा आली हे सांगतात, काही जण ती किती जोराची होती हे सांगतात आणि थोडेच जण ती किती असह्य होती हे सांगतात. एकाच रकान्यात तीन वेगळ्या मोजपट्ट्यांची मापे जमा होतात. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही: विभागाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत भेद स्पष्ट करायचा आणि एक उदाहरण वाचून दाखवायचे, की एखाद्याला खाज रोज येते पण तो तिला फारसे मनावर घेत नाही, दुसऱ्याला आठवड्यातून एकदाच येते पण त्या रात्री झोप लागत नाही. हे स्पष्टीकरण मूळ साधनात नाही, म्हणून ते घालता येणार नाही, असे मला एकदा सांगण्यात आले. मूळ भाषेत त्याची गरज पडत नसेल, तर ते तिथे का असावे? अर्थ समान ठेवायचा असेल, तर शब्दसंख्या असमान ठेवण्याची तयारी हवी.

उत्तरांच्या पर्यायांचेही असेच आहे. ओझ्याविषयीच्या विधानांना पूर्णपणे खरे, बहुतांशी खरे, माहीत नाही, बहुतांशी खोटे, पूर्णपणे खोटे असे पाच पर्याय आहेत. मराठीत कुणाच्या विधानाला ‘खोटे’ म्हणणे म्हणजे बोलणाऱ्यावर आरोप करणे. समोरची व्यक्ती आदराने काही वाचून दाखवत असताना ‘पूर्णपणे खोटे’ म्हणायला अनेकांची जीभ अडते आणि ते ‘माहीत नाही’कडे सरकतात. ‘लागू नाही’ असा पर्याय सुचवला जातो, पण मग हा प्रश्न माझ्यासाठी नाहीच, असाही त्याचा अर्थ निघतो. आम्ही शेवटी ‘माझ्या बाबतीत अगदी खरे’पासून ‘माझ्या बाबतीत मुळीच खरे नाही’पर्यंतची पट्टी वापरून पाहिली आणि संकोच बराच कमी झाला. मधला ‘माहीत नाही’ हा पर्याय मात्र अजून माझे समाधान करत नाही. गुण देताना तो खरे आणि खोटे यांच्या मधोमध धरला जातो, आणि रुग्ण तो ‘मला यावर बोलायचे नाही’ अशा अर्थाने निवडतो. ‘मी घरच्यांवर ओझे झालो आहे असे वाटते’ हे विधान मुलगा किंवा पत्नी शेजारी बसलेली असताना वाचले, की तो पर्याय किती वेळा निवडला जातो, हे आपण स्वतः बसून पाहावे.

याच चार विधानांत आजार आयुष्यात ‘फारच’ आड येतो, आजारपणात ‘फारच’ वेळ जातो, असे म्हटले आहे. इथे सोसण्याची मर्यादा ओलांडल्याची भावना आहे. ‘खूप वेळ जातो’ असे भाषांतर केले, की ती भावना जाते आणि हिशेब उरतो. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास मशीनवर जाणाऱ्या माणसाचा खूप वेळ जातोच. त्यात मत विचारण्यासारखे काही राहत नाही आणि सगळे ‘पूर्णपणे खरे’ म्हणतात. मग आपल्या तक्त्यात तळाच्या गुणांवर गर्दी झालेली दिसते आणि आपण त्याला तळ-परिणाम असे नाव देऊन रुग्णांची अवस्था वाईट असल्याचा निष्कर्ष काढतो. १५ टक्क्यांहून अधिक रुग्ण सर्वांत खालच्या किंवा सर्वांत वरच्या गुणावर साचले, तर तो परिणाम दखलपात्र मानावा, असा निकष आहे. त्यासोबत, ही गर्दी आजाराने केली की एका क्रियाविशेषणाने, हा प्रश्नही विचारला जावा.

काही अडचणी भाषेच्या नसून आजाराच्या आहेत आणि त्या भाषांतराच्या निमित्ताने उघड्या होतात. ८० प्रश्नांच्या रूपातील सर्वसाधारण आरोग्याच्या ३६ प्रश्नांत सामान उचलण्या-वाहण्यात मर्यादा येतात का, असे विचारले आहे. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताने जड वस्तू उचलू नका, असे रुग्णाला बजावलेले असते. त्यामुळे अंगात बळ असलेला माणूसही ‘हो, फार मर्यादा येतात’ म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रश्न परवानगीचा आहे, क्षमतेचा नाही. त्याच भागात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग, गोल्फ अशी कामे आणि खेळ दिलेले आहेत. ते बदलावे लागतात यावर सर्वांचे एकमत होते, पण बदली उदाहरण निवडताना ओळखीचे काय आहे एवढेच पाहिले जाते. तितकेच श्रम लागणारे काय आहे हे पाहायला हवे आणि तो निर्णय भाषांतरकाराने एकट्याने घेऊ नये. तो फिजिओथेरपिस्टला विचारून घ्यावा.

आता आकड्यांकडे येते. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, पण ज्यांच्यासोबत काम केले त्यांच्याकडून जे शिकले ते इथे मांडण्याचे धाडस करते, कारण आपल्या अहवालांत या गोष्टी वारंवार दिसतात. क्रोनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा हा, एका विभागातील उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा गुणांक ०.७० च्या वर आला की प्रश्नावली विश्वासार्ह ठरली, असे लिहिले जाते. अल्फा एकाच गोष्टीची अनेक रूपे मोजणाऱ्या प्रश्नांसाठी आहे. लक्षणांच्या विभागात खाज, छातीतले दुखणे, चक्कर आणि फिस्टुलाच्या जागेच्या तक्रारी एकत्र आहेत. खाज असलेल्या माणसाच्या छातीत दुखलेच पाहिजे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? ही लक्षणे मिळून ओझे तयार करतात, ओझ्यातून ती उगवत नाहीत. तिथे अल्फा कमी आला म्हणून एखादा प्रश्न गाळणे म्हणजे एका रुग्णाचा खरा त्रास गाळणे होय. उलट बाजूने, ऊर्जेविषयीच्या विभागात ‘थकलेले’ आणि ‘दमलेले’ असे जवळजवळ एकच दोन शब्द पाठोपाठ आले, की अल्फा वाढतो आणि भाषांतराची गरिबी गुणवत्तेच्या नावाने खपते. मूळ इंग्रजी प्रश्नावलीतही सामाजिक संबंधांच्या विभागाची अंतर्गत सुसंगती (अल्फाने मोजतात ती) कमकुवत आढळली होती. त्यामुळे मराठीत ती कमी आल्यास घाबरून शब्द फिरवत बसण्याऐवजी ते प्रामाणिकपणे छापावे.

नमुन्याच्या संख्येबद्दल थोडक्यात सांगते. घटक विश्लेषणासाठी, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात बसतात हे तपासण्यासाठी, प्रत्येक प्रश्नामागे पाच ते दहा रुग्ण हा ढोबळ नियम धरला, तर ८० प्रश्नांना ४०० ते ८०० रुग्ण लागतात. एका केंद्रात वर्षभरात मिळणाऱ्या शंभरेक रुग्णांवर ते करून रचना सिद्ध झाली असे म्हणू नये. केडीक्यूओएल-३६ मधील २४ आजारनिगडित प्रश्नांसाठी हीच संख्या १२० ते २४० होते आणि ती दोन-तीन केंद्रांनी मिळून गाठता येते. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना एकेकट्याने अपुरे अभ्यास करायला लावण्यापेक्षा एकत्र येऊन एक पुरेसा अभ्यास करू द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुनर्चाचणीच्या, म्हणजे त्याच रुग्णाला तेच प्रश्न पुन्हा विचारण्याच्या, बाबतीत डायलिसिसला स्वतःचे वेळापत्रक आहे आणि ते पाळले नाही, तर आकडे निरर्थक होतात. आठवड्यातल्या तीन डायलिसिसांमध्ये एक खंड नेहमी मोठा असतो. त्या खंडानंतर आलेला रुग्ण पाण्याने जड झालेला असतो, त्याला धाप लागलेली असते. पाणी काढून झाल्यावर तोच माणूस गळून गेलेला असतो. पहिली चाचणी मोठ्या खंडानंतरच्या दिवशी आणि दुसरी आठवड्याच्या मधल्या दिवशी घेतली, किंवा पहिली सुरुवातीच्या तासात आणि दुसरी मशीन सुटल्यावर घेतली, तर फरक प्रश्नावलीचा नसून घड्याळाचा असतो. साधारण दोन आठवड्यांचे अंतर ठेवताना वार, पाळी (शिफ्ट) आणि डायलिसिसचा तास तोच ठेवावा आणि मध्यंतरी रुग्ण दाखल झाला का, कॅथेटर बदलला का, कोरडे वजन (जादा पाणी काढल्यानंतरचे वजन) बदलले का, हे विचारून तशी नोंद करावी. ‘गेले चार आठवडे’ या कालावधीचेही स्मरण द्यावे लागते. मशीनवर पडलेला माणूस आजच्याविषयी बोलतो. ‘म्हणजे मागच्या साधारण बारा डायलिसिसांत’ असे म्हटले, की तो क्षणभर थांबतो आणि मग वेगळे उत्तर देतो. हा काळ मोजण्याचा त्याचा स्वतःचा एकक आहे आणि आठवड्यातून तीन वेळा येणाऱ्या रुग्णासाठी तो अचूकही आहे.

विश्वासार्हतेचा गुणांक छापताना त्यासोबत मापनातली चूकही छापावी, असे मला वाटते. समजा, एखाद्या विभागाच्या गुणांचे प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतील फरकाचे माप) २० आहे आणि पुनर्चाचणीचा गुणांक ०.७५ आला. अहवालात तो चांगला म्हणून नोंदला जातो. पण त्यावरून मापनाची प्रमाण चूक १० गुणांची येते, आणि एका रुग्णाचे गुण सुमारे २८ नी बदलल्याखेरीज तो बदल खरा आहे असे विश्वासाने म्हणता येत नाही. शंभराच्या पट्टीवर अठ्ठावीस. गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायला असे साधन चालते, पण एखाद्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच्या ५० वरून यंदा ६२ गुण झाले म्हणून ‘तुमची अवस्था सुधारली’ असे रुग्णाला सांगणे चालत नाही. साधन कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही, हे वैधतेच्या अहवालातच लिहिलेले असावे.

प्रश्न कोण विचारतो, हाही वैधतेचाच भाग आहे. ८० प्रश्नांच्या रूपात डायलिसिसचे कर्मचारी किती धीर देतात, मिळणाऱ्या सेवेबद्दल किती समाधान आहे, असे प्रश्न आहेत. ते त्याच कक्षातल्या परिचारिकेने, रुग्णाची सुई तिच्या हातात असताना, विचारले तर काय उत्तर येणार? नीतिसमित्यांनी याबाबत ठाम राहावे. उपचार करणाऱ्या चमूबाहेरची व्यक्ती, शक्य तितका खासगीपणा आणि नातेवाइकांना काही वेळ बाहेर थांबण्याची विनंती, एवढे तरी मंजुरीच्या अटींत असावे. लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न ‘आपल्याकडे कुणी उत्तर देत नाही’ म्हणून परस्पर गाळले जातात, तेही थांबावे. शेजारच्या खाटेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, याचा अर्थ त्या माणसाला त्याविषयी काही सांगायचे नाही, असा होत नाही. ते प्रश्न बंद पाकिटात द्यावेत, न भरता परत करण्याची मोकळीक द्यावी आणि प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी उत्तर दिले नाही, याची संख्या छापावी.

ज्यांना वाचता येत नाही किंवा मधुमेहामुळे ज्यांची दृष्टी गेली आहे, त्यांना प्रश्न वाचूनच दाखवावे लागतात. पाच पर्याय कानाने ऐकले की शेवटचा लक्षात राहतो आणि तोच उच्चारला जातो. ‘थोडा’, ‘बऱ्यापैकी’, ‘खूप’, ‘अतिशय’ यांचा क्रम लिहिलेला असताना दिसतो, ऐकताना मात्र ‘खूप’ मोठे की ‘अतिशय’, असा गोंधळ होतो. ज्यांना दिसते त्यांच्यासाठी मी वाढत्या उंचीचे पाच उभे पट्टे काढलेला एक पुठ्ठा वापरला आणि दृष्टी गेलेल्यांना तेच पट्टे बोटांनी मोजून दाखवले. हा काही प्रमाणित उपाय नाही, पण स्वतः भरलेली आणि वाचून भरून घेतलेली प्रश्नावली यांची उत्तरे एकत्र मिसळण्याआधी ती वेगवेगळी तपासली जावीत, एवढे तरी व्हावे. निरक्षर रुग्ण अभ्यासातून वगळून मिळालेली वैधता ही साक्षरांपुरती वैधता आहे आणि तसे शीर्षकात लिहावे.

या सगळ्यासाठी मी जे मागत आहे त्याचा खर्च फार नाही. पूर्वचाचणीतील ३० ते ४० रुग्णांपैकी निदान दहा-बारा जणांशी प्रत्येक प्रश्नावर सविस्तर बोलावे, ती संभाषणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत, एकाच बैठकीत ८० प्रश्न न उरकता ती दोन-तीन डायलिसिसांत विभागावीत आणि कोणता शब्द का बदलला याची नोंद अंतिम प्रश्नावलीसोबत प्रसिद्ध करावी. बदल करून पुन्हा नव्या रुग्णांना विचारावे. तज्ज्ञांच्या समितीत निदान दोन रुग्ण असावेत, एक हीमोडायलिसिसवरचा आणि एक पोटाच्या डायलिसिसवरचा, कारण त्यांचे शब्द आणि त्यांचे दिवस वेगळे असतात. साधनांच्या मूल्यमापनासाठी तयार झालेल्या ‘कॉस्मिन’ निकषांतही आशयाच्या वैधतेला, म्हणजे प्रश्न समर्पक, पुरेसे आणि समजण्याजोगे आहेत का याला, सगळ्यात महत्त्वाचे स्थान दिलेले आहे, त्यामुळे मी काही नवे मागत नाही. डायलिसिसवरील संशोधनात काय मोजावे हे रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विचारून ठरवण्याचा ‘साँग’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला, तेव्हा हीमोडायलिसिससाठी थकवा हा चार मुख्य परिणामांपैकी एक ठरला. मराठीत या थकव्याला रुग्ण काय म्हणतात, हे मी जमवत गेले: गळून जाणे, अंगात त्राण नसणे, हातपाय गळाल्यासारखे वाटणे, ‘मशीन सुटल्यावर तो दिवस माझा नसतो’. यातला कोणता शब्द कुणासाठी काय मोजतो, यावर कुणी नीट अभ्यास केला, तर माझ्या वह्या मी, रुग्णांची ओळख पटेल असे सर्व काढून टाकून, आनंदाने हवाली करीन.

नीतिसमित्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. ‘घरच्यांवर ओझे’ हे विधान वाचल्यावर एक वयस्कर रुग्ण बराच वेळ रडत राहिले. माझ्याजवळ पुढचा प्रश्न होता, पण अशा वेळी काय करायचे याची कोणतीही सूचना नव्हती. मी कागद बाजूला ठेवला आणि बसून राहिले. जीवन-गुणवत्तेची प्रश्नावली निरुपद्रवी समजून तिला सहज मंजुरी मिळते. प्रश्न विचारणाऱ्याने कुठे थांबावे, कुणाला बोलवावे, रुग्णाला समुपदेशन कुठून मिळेल, हे अर्जात लिहिलेले नसेल तर अर्ज परत पाठवावा.

त्याच रुग्णांनी नंतर सगळे प्रश्न पूर्ण केले आणि सही करताना मला विचारले, ‘हे सगळं लिहून घेतलंत, याचं पुढे काय होतं?’ मला सांगता आले नाही, कारण मलाही कुणी सांगितले नव्हते. आपल्या पुढच्या अभ्यासात या प्रश्नाचे उत्तर प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर मराठीत छापलेले असावे, आणि निष्कर्ष हाती आल्यावर ते त्याच कक्षात, त्याच पाळीच्या रुग्णांना कुणीतरी वाचून दाखवावेत, अशी विनंती करून हे पत्र थांबवते.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार